कुत्र्याचे पोट आणि ज्वारीची भाकरी

सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोल्यात, मुंबईतल्या इतर कोणत्याही वस्तीप्रमाणेच, कुत्र्याच्या पुढ्यात काय पडते? दूधभात, शिळी पोळी, एखादा भाकरीचा तुकडा आणि टपरीवर विकत घेतलेले ग्लुकोज बिस्कीट. अशी बिस्किटे १९३९ पासून जवळच्याच विलेपार्ल्यात बनत. तो कारखाना २०१६ साली बंद झाला, पण कुत्र्यांना बिस्कीट टाकण्याची सवय राहिली. बहुतेक कुत्र्यांना हे सगळे पचते. काहींना मात्र वरचेवर उलट्या नि जुलाब होतात. मग मालकाला प्रश्न पडतो : कुत्रा तर मांसाहारी, त्याला धान्य बाधत असेल का?

या प्रश्नाला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात कुत्र्याच्या ताटाइतकेच आपल्याही ताटाबद्दल बरेच काही सापडते.

१८१६ साली फ्रान्समध्ये फ्रांस्वा माजाँदी या शरीरशास्त्रज्ञाने एका कुत्र्याला फक्त साखर आणि शुद्ध पाणी दिले. पहिले काही दिवस कुत्रा ठीक होता. मग तो वाळत गेला, डोळ्यांत व्रण पडले आणि महिन्याभरात मेला. नुसत्या तेलावर, नुसत्या लोण्यावर ठेवलेल्या कुत्र्यांचीही तीच गत झाली. नायट्रोजन असलेले, म्हणजे आपण आज ज्यांना प्रथिने म्हणतो ते पदार्थ अन्नात हवेतच, हे त्यावरून स्पष्ट झाले. पोट भरणे वेगळे आणि पोषण होणे वेगळे.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याची पिल्ले घरातच, उन्हाविना वाढवली आणि त्यांना मुख्यतः ओटची लापशी दिली. पिल्लांना मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचे तेल दिल्यावर तो टळला. या तेलातल्या गुणकारी घटकाला पुढे ड जीवनसत्त्व हे नाव मिळाले.

पोटाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र ‘काळी जीभ’ या रोगाची. यात कुत्र्याचे तोंड सोलवटते, लाळ गळते आणि जुलाब थांबत नाहीत. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होई. त्यात उघड्या त्वचेवर चट्टे पडत, जुलाब लागत आणि रोगी भ्रमिष्ट होई. जोसेफ गोल्डबर्गर यांनी हे दोन्ही आजार एकाच उणिवेचे असल्याचे ओळखले. १९३७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनरॅड एल्वेजम यांनी निकोटिनिक आम्ल देऊन काळ्या जिभेचे कुत्रे बरे केले. पाठोपाठ पेलाग्राचे रोगीही त्याच औषधाने बरे होऊ लागले. कुत्र्याच्या बिघडलेल्या पोटाने माणसाच्या आजाराचे औषध दाखवून दिले.

ही गोष्ट आपल्या दारातही आली. दख्खनच्या पठारावर मका नव्हे, ज्वारी हे गरिबाचे अन्न. पण इथेही, ज्वारीवरच गुजराण करणाऱ्यांत, पेलाग्रा दिसत होता. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या जादा प्रमाणाकडे बोट दाखवले. १९६५ साली भवानी बेलवाडी आणि गोपालन यांनी ज्वारीप्रधान आहार देऊन कुत्र्यांत काळी जीभ निर्माण करून दाखवली. ल्युसिनच्या मतावर पुढे वाद झाला. पण दोष भाकरीचा नव्हता. भाकरीबरोबर डाळ, दूध, भाजी, मांस काहीच नसणे हा दोष होता, आणि त्यामागे गरिबी होती.

मग कुत्र्याला धान्य पचते का? २०१३ साली स्वीडनमधील एरिक अॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी लांडगे व कुत्रे यांची जनुके ताडून पाहिली. पिष्ट पचवणारे अमायलेज स्वादुपिंडात बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात. कुत्र्यांत ४ ते ३० आढळल्या. माणसाच्या शेतीसोबत कुत्र्याचे पोटही बदलले. पण सर्वत्र सारखे नाही : ऑस्ट्रेलियातल्या डिंगोमध्ये लांडग्याप्रमाणेच दोनच प्रती आहेत.

तेव्हा नाजूक पोटाच्या कुत्र्यासाठी अन्न निवडताना ‘मांस की धान्य’ हा वाद बाजूला ठेवावा. आधी जंत वा संसर्ग नाही ना, हे पशुवैद्याकडून पाहून घ्यावे. जुलाब रक्ताचे असतील किंवा पिल्लू मलूल दिसत असेल, तर वेळ दवडू नये. पोट साधेच बिघडले असेल तर काही दिवस मऊ भात आणि बिनमसाल्याची, कातडी काढलेली उकडलेली कोंबडी, थोडी थोडी, अनेकदा द्यावी. पण महिनोन्‌महिने तेवढेच दिले तर त्यात कॅल्शियमसारखे बरेच काही उणे राहते. माजाँदीचा धडा इथेही लागू आहे. नवे अन्न जुन्यात मिसळत आठवडा-दहा दिवसांत बदलावे. मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर अनेकदा पचत नाही. कांदा-लसूण घातलेले उरलेसुरले देऊ नये, कारण कांद्याने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. तक्रार टिकून राहिली तर पशुवैद्याच्या सल्ल्याने पूर्वी कधी न दिलेल्या एकाच प्रथिनावर सुमारे आठ आठवडे ठेवून पाहतात. अशी वावडी बहुधा गोमांस, दूध, कोंबडी किंवा गहू यांची निघतात.

वर्गात एक प्रयोग करता येईल. दोन परीक्षानळ्यांत भाताची पेज घ्या, एकीत थोडी लाळ मिसळा, काही मिनिटांनी दोन्हींत पातळ केलेल्या आयोडिनचा थेंब टाका. लाळेच्या नळीत निळा रंग फिका पडेल किंवा दिसणारच नाही. मग मुलांना विचारा : कुत्र्याच्या लाळेत अमायलेज जवळजवळ नसते आणि तो घास चावतही नाही, तरी भाकरी कशी पचवतो? उत्तर स्वादुपिंडात आणि लहान आतड्यात आहे. त्याच तासाला दुसराही प्रश्न विचारता येईल : आपल्या गावात नुसत्या भाकरीवर कोण जगते?