उल्लाळची राणी अब्बक्का



"तुम्ही जैन लोक मुंगीलाही जपता, मग तुमच्यात लढवय्ये कुठून असणार?" हा प्रश्न आपल्यापैकी अनेकींनी कधी ना कधी ऐकलेला असतो. आपण चामुंडरायाचं नाव सांगतो, पण तेही गोमटेश्वराची मूर्ती घडवून घेणारा म्हणून. तो गंग राजांचा सेनापती होता, हे मागेच राहतं. उल्लाळच्या राणी अब्बक्काचं नाव तर आपल्या घरांत क्वचितच निघतं. म्हणून आज तिच्याविषयी लिहिते.

उल्लाळ हे मंगळुरूच्या दक्षिणेला, नेत्रावती नदीच्या मुखाशी आहे. तिथे चौट या जैन घराण्याचं राज्य होतं. त्यांच्यात अळियसंतान पद्धत होती, म्हणजे वारसा आईच्या बाजूने चाले. त्यामुळे या गादीवर राण्याही बसल्या. अब्बक्का नावाच्या राण्या एकीहून अधिक झाल्या असं अभ्यासक मानतात. लोककथांत मात्र त्या सगळ्यांची मिळून एकच राणी झाली आहे.

भांडण व्यापाराचं होतं. या किनाऱ्यावरून मिरी आणि तांदूळ परदेशी जाई. पोर्तुगीजांचं म्हणणं असं, की समुद्रात जहाज न्यायचं तर आमचा परवाना घ्या आणि आम्हाला खंडणी द्या. गंमत म्हणजे खुद्द गोव्यातल्या पोर्तुगीजांचं पोट याच किनाऱ्याच्या तांदळावर चालत होतं! १५६८ मध्ये त्यांनी मंगळुरूला किल्ला बांधला, तरी उल्लाळचा प्रश्न काही मिटला नाही.

सतराव्या शतकातल्या अब्बक्काचं लग्न शेजारच्या बंग राजाशी झालं होतं. तेही घराणं जैनच. दोघांचं पटलं नाही, तेव्हा तिने नवऱ्याने दिलेले दागिने त्याला परत पाठवले आणि संबंध तोडला. घरातलं भांडण राज्यांचं झालं. बंगाने पोर्तुगीजांची मदत मागितली, तर अब्बक्काने इक्केरीच्या व्यंकटप्पा नायकाची. नायकाच्या फौजेने बंग आणि पोर्तुगीज दोघांनाही हरवलं.

याच राणीला १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा प्रवासी भेटला. तो पोर्तुगीजांच्या वकिलाबरोबर गोव्याहून इक्केरीला आला होता आणि तिथून पुढे किनाऱ्यावर उतरला. राणी त्याला राजवाड्यात नव्हे, रस्त्यात भेटली. शेतांना पाणी नेणारे चर पाहायला ती पायी निघाली होती. पायांत काही नाही, कमरेला जाडंभरडं पांढरं सुती वस्त्र, डोक्यावर कुणीतरी धरलेली झावळ्यांची छत्री. वय चाळिशीचं. त्याला ती आधी स्वयंपाकघरातल्या मोलकरणीसारखी वाटली, असं त्याने लिहून ठेवलं आहे. स्पेनच्या राजाचं सैन्य हिने हरवलं, याचं त्याला नवल वाटलं. (तेव्हा पोर्तुगालचं राज्यही स्पेनच्याच राजाकडे होतं.) पण ती बोलू लागली आणि त्याचं मत बदललं. तिचा आवाज गोड, बोलणं शहाणपणाचं. इतके देश पाहून या रानात काय पाहायला आलास, असं तिनेच त्याला विचारलं!

मला ही भेट लोककथांमधल्या सगळ्या लढायांहून मोलाची वाटते. जिला पोर्तुगीज वचकून होते, ती चरातून पाणी नीट वाहतंय की नाही हे स्वतः जाऊन बघत होती. ज्या तांदळासाठी भांडण होतं, तो तिथेच पिकत होता.

आता अहिंसेचं काय? आपल्या शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मुनींना चारही वर्ज्य. श्रावकाने ठरवून केलेली, म्हणजे संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची. चूल पेटवताना, शेत नांगरताना घडणारी हिंसा त्याला टाळता येत नाही. आणि चालून आलेल्याला अडवताना घडते ती विरोधी हिंसा. म्हणून श्रावकाला राज्य राखता येतं. पण ही काही लढाईची हौस करायला दिलेली मोकळीक नाही. अब्बक्का आणि बंग या दोन जैन घरांतल्या भांडणात परक्यांची फौज आत आली, हेही विसरू नये.

२०१२ मध्ये भारतीय तटरक्षक दलाच्या एका गस्ती जहाजाला 'राणी अब्बक्का' हे नाव दिलं गेलं. आपल्याकडची पुष्कळ मंडळी मूडबिद्रीच्या यात्रेला जातात, हजार खांबांची बसदी पाहून परततात. त्याच गावात चौटांचा जुना वाडा आहे. त्याच्या लाकडी खांबावर नऊ स्त्रियांनी मिळून साकारलेला हत्ती कोरला आहे. पुढच्या वेळी तिथेही जा, आणि मुलींना घेऊन जा.