तारपा नाच (वारली चित्रांतील)

तारपा नाच : वारली समाजाचा सुगीनंतरचा सामूहिक नाच आणि त्याच समाजाच्या चित्रांतला एक प्रमुख विषय. मुंबई ओलांडून उत्तरेस गेले की पालघर जिल्ह्यातले डहाणू, तलासरी, जव्हार हे तालुके लागतात. हा नाच मुख्यतः तिथला. कणसरी ही वारल्यांची धान्यदेवता. भात कापून झाले, दिवाळी आली, की पाड्यापाड्यांवर तारपा रात्रभर घुमतो.

तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य. वाळवून पोकळ केलेल्या दुधी भोपळ्याला मेणाने दोन नळ्या बसवतात आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा जोडतात. वादक सूर तुटू देत नाही. एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेली बायका-पुरुषांची साखळी त्याच्याभोवती फिरते. तारप्याची चाल बदलली की पावले बदलतात. त्याच्याकडे कोणी पाठ करीत नाही.

लग्नघरी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकटीत पालघट देवी असते, बाहेर झाडे, जनावरे आणि नाचणारी माणसे. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. बाईला मागे अंबाडा. नाचाची ओळ वळत वळत आत जाते आणि वादकापाशी येते. ही गोल ओळ वरून पाहिल्यासारखी, पण तिच्यातला प्रत्येक जण बाजूने पाहिलेला. दोन्ही नजरा एकाच चित्रात बेमालूम मिसळणे, हे या रेखाटनाचे खरे सामर्थ्य आहे. कुर्त्यांवर आणि कपांवर छापताना पुष्कळदा वादकच गळतो. ज्याच्या सुरावर नाच चालतो तोच नसेल, तर उरते ती नुसती नक्षी.

 

चौक लिहिणे बायकांचे काम होते. 1970 च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी वारल्यांच्या हाती कागद दिला आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (1934–2018) लग्नाच्या निमित्तावाचूनही रोज चित्रे काढू लागले. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सदाशिव आणि बाळू हे त्यांचे मुलगेही चित्रकार आहेत.