स्वर्णा-सब १

पुराच्या पाण्याखाली साधारण दोन आठवडे पूर्ण बुडूनही तगणारी भाताची सुधारित जात. आंध्र प्रदेशात पैदास झालेल्या ‘स्वर्णा’ या वाणात ‘सब १’ हा पूरसहनशीलतेचा गुण आणून फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने (इरी) ती तयार केली. भारतात ती २००९मध्ये लागवडीसाठी प्रसारित झाली.

भात हे पाण्यातले पीक खरे, पण शेंडा बुडाला की तेही गुदमरते. साधा वाण अशा वेळी शेंडा वर काढण्यासाठी भराभर उंच वाढतो आणि त्या धडपडीत साठवलेली साखर व पिष्ट संपवून बसतो. पाणी ओसरल्यावर खाचरात लांब, पिवळट, लुळी रोपे चिखलावर आडवी दिसतात. उचलायला गेले तर पाने हातात येतात. स्वर्णा-सब १चे खाचरही त्या दिवशी बघवत नाही. पाने गाळाने माखून करपलेली असतात, पीक गेले असेच वाटते. बुडखा मात्र घट्ट असतो आणि थोड्या दिवसांत त्यातून नवे हिरवे पान डोकावते. म्हणून पूर उतरताच घाईने शेत नांगरू नये, हे या वाणाबाबत शेतकऱ्याला आवर्जून सांगावे लागते.

हा गुण ‘सब १ए’ या जनुकामुळे येतो. हा जनुक बुडालेल्या रोपाची वाढ रोखून धरतो. रोप शिल्लक पुरवून वापरते आणि पाणी उतरेपर्यंत थांबते. केनाँग शू, डेव्हिड मॅकिल, पामेला रोनाल्ड व सहकाऱ्यांनी २००६मध्ये या जनुकाची ओळख ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली. जनुकाचा स्रोत होता ‘एफआर १३ए’ हा ओडिशातील धलापुटिया या गावरान भातातून निवडलेला वाण. तो पुरात टिके, पण उतारा कमी. त्यापासून मिळालेल्या पूरसहनशील वाणाचा स्वर्णाशी संकर केला, पुढच्या पिढ्या पुन्हा पुन्हा स्वर्णाशीच जुळवल्या आणि प्रत्येक वेळी डीएनए-खुणा तपासून हवी ती रोपे राखली. जनुक बाहेरून न घालता संकरातूनच आणल्याने ही जात जनुकपरिवर्तित पिकांत मोडत नाही, आणि सरळ वाण असल्याने शेतकरी घरचे बियाणे राखू शकतो.

पूर्व भारताला पूर नवे नाहीत. या संशोधनाची सुरुवातही हवामानबदलाच्या चर्चेआधीची. मात्र पावसाची तऱ्हा बदलली तशी त्याची निकड वाढली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. या निकडीला मिळालेले उत्तर प्रयोगशाळेइतकेच धलापुटिया जपणाऱ्या अनाम शेतकऱ्यांचेही आहे, आणि तंत्रज्ञानाच्या इतिहासात त्यांची नोंद ठळकपणे व्हायला हवी.

ओडिशातील शेतांवर झालेल्या आणि २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पीक दहा दिवस बुडाले असता स्वर्णा-सब १चे उत्पन्न स्वर्णापेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक भरले. पूर न आलेल्या शेतात तोटा आढळला नाही. तिथे सखल, पाणी तुंबणारी जमीन अनुसूचित जातींच्या वाट्याला अधिक आलेली असल्याने लाभही त्यांना अधिक होऊ शकतो, असे याच अभ्यासात दिसले. शेतीतील सुधारणा बहुधा आधी चांगल्या जमिनीवाल्याच्या दारी जाते. इथे ती उलट बाजूने जाऊ शकते, हे फार मोलाचे.

या वाणाला मर्यादा आहेत. महिनोन्‌महिने तुंबून राहणारे पाणी त्याला मानवत नाही, पेरणीनंतर लगेच बुडालेले बी उगवत नाही, आणि खारे पाणी सोसण्याचा गुण सब १मध्ये नाही. गोव्याच्या खाऱ्या खाजण जमिनीत आजही ‘कोरगुट’सारखे गावरान भात त्या कामी येते. या मर्यादा असूनही बांगलादेशात स्वर्णा-सब १ ‘ब्री धान ५१’ या नावाने पेरतात. कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पुढे पूर व अवर्षण दोन्ही सोसणारे ‘सीआर धान ८०१’ आणि ‘सीआर धान ८०२’ हे वाण काढले.