मार्लवाईचे मास्तर

जिवतीच्या पहाडावर आमच्या वस्तीत शाळा आली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. शाळा म्हणजे एका घराची पडवी, एक फळा आणि बारावी झालेला एक तरुण. शासनाने २०००-०१ मध्ये वस्तीशाळांची योजना काढली होती. तिच्यात शिकवणाऱ्याला शिक्षक म्हणत नसत, स्वयंसेवक म्हणत. पगारही नव्हता, मानधन होते. आम्ही मात्र त्यांना गुरुजीच म्हणत होतो. माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात नांदेडकडून पोटापाण्यासाठी या पहाडावर चढले. त्यांच्या आधीपासून इथे गोंड आणि कोलाम होते. पुढे बंजारे आले, आम्ही बौद्ध आलो. त्या पडवीत आम्ही वीस-बावीस पोरे बसायचो आणि आमच्या घरांतून चार भाषा बोलल्या जायच्या. पाठ्यपुस्तक तेवढे एका भाषेत होते.

गुरुजींना एकदा प्रशिक्षणाला बोलावले. दहा दिवस ते पहाड उतरून खाली गेले आणि एक कापडी पिशवी, एक वही घेऊन परत आले. पुष्कळ वर्षांनी, मी महाविद्यालयात शिकवू लागल्यावर, त्यांनी मला त्या दहा दिवसांतली एक गोष्ट सांगितली. त्यांनी तिथे उभे राहून विचारले होते, "ज्या लेकराला मराठीचा एक शब्द येत नाही, त्याला पहिल्या दिवशी काय शिकवायचं?" सांगणाऱ्याने उत्तर दिले, "पुस्तकात दिलंय तेच." सगळे हसले आणि गुरुजी खाली बसले.

परत आल्यावर त्यांनी आपल्याच अकलेने मार्ग काढला. आमच्यातल्या एका मोठ्या गोंड मुलीला त्यांनी फळ्यापाशी उभे केले. गुरुजी पाण्याचा लोटा दाखवायचे, ती म्हणायची 'येर', मग आम्ही सगळे 'पाणी' म्हणायचो. बाराखडीच्या आधी आमच्या शाळेत हा पाठ व्हायचा. त्या मुलीला आपण काय करतो आहोत हे ठाऊक नव्हते. आणि आपण जे धडपडत शोधले ते साठ वर्षांपूर्वी याच डोंगररांगेच्या पलीकडच्या उतारावर रीतसर शोधले गेले होते, त्याची शाळा उघडली गेली होती, पुस्तके छापली गेली होती, हे गुरुजींना ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यास करूनही नव्हते. हा लेख मी त्या अज्ञानाविषयी लिहितो आहे.

शिक्षक कसा घडवावा याआधी शिक्षक कोणातून घडवावा, हा प्रश्न आपल्याकडे पहिल्यांदा नीट मांडला तो जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की प्राथमिक शाळांतले बहुतेक सर्व शिक्षक ब्राह्मण आहेत, नॉर्मल स्कुलातून तयार झालेले त्यांत थोडे आहेत, आणि पगार तुटपुंजा आहे. त्यांनी मागितले ते असे : शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, लोकांत मिसळणारे असावेत, वेळ पडली तर नांगर किंवा सुताराचे हत्यार हाती धरायला त्यांना लाज वाटू नये, आणि त्यांना दरमहा किमान १२ रुपये मिळावेत. प्रशिक्षण, जात आणि पगार या तिन्ही गोष्टी जोतीरावांनी एकाच दोरीत ओवल्या. आपल्या नंतरच्या आयोगांनी ती दोरी सोडवून तीन निरनिराळ्या फायली केल्या.

जोतीराव हे सांगत होते त्या काळात अस्पृश्याला मास्तर होण्याची एक वाट उघडी होती, ती लष्करातून जाणारी. सुभेदार रामजी सकपाळ पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कुलात शिकले आणि महूच्या लष्करी नॉर्मल स्कुलात चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते हे आपण अभिमानाने सांगतो. ते प्रशिक्षित शिक्षक आणि मुख्याध्यापक होते हे मात्र ओझरते सांगतो. वस्तुतः त्या घरातली वाचनाची शिस्त, पहाटे उठवून अभ्यासाला बसवणारा बाप, हे सारे त्या नॉर्मल स्कुलाचे देणे होते. पुढे १८९० नंतरच्या काही वर्षांत इंग्रजांनी लष्करातली महारांची भरती बंद केली आणि ती वाटही बंद झाली. एका आदेशाने सैनिक गेले, तसे उद्याचे मास्तरही गेले. हा हिशेब कोणी मांडत नाही.

आता आमच्या पहाडाकडे वळतो. आजचा जिवती तालुका पूर्वी राजुरा तालुक्यात होता आणि राजुरा निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. जंगल राखीव झाले, गोंड-कोलामांच्या जमिनी गेल्या. त्याविरुद्ध उठलेला कुमराम भीम १९४० मध्ये जोडेघाटला पोलिसांच्या गोळीने मारला गेला. गोळी घालून झाल्यावर निजाम सरकारला प्रश्न पडला की हे लोक उठले का. गोंडांत राहून अभ्यास करणारा ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ संस्थानातच होता. महायुद्धात शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरल्यामुळे त्याला बाहेर जाण्याची मोकळीक नव्हती. मार्लवाई या गोंड खेड्यात त्याने मुक्काम केला होता. त्याच्या सल्ल्याने १९४३ मध्ये गोंड शिक्षण योजना सुरू झाली.

या योजनेची पहिली पायरी आजच्या प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने अभ्यासावी अशी आहे. तिथे आधी शाळा उघडून मास्तर बाहेरून आणले गेले नाहीत. आधी मास्तर घडवायचे ठरले. लिहितावाचता येणारे गोंड तरुण बोटांवर मोजण्याइतके होते आणि त्यांना जे काही येत होते ते मराठीत. अशा मोडकेतोडके वाचणाऱ्या तरुणांना मार्लवाईत आणून प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंडी भाषेची वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली, कारण अवतीभवतीची लिपी तीच होती. पोराने आधी आपल्या बोलीत वाचायला शिकायचे, मग परक्या भाषेकडे जायचे, असा क्रम. इथे शिकलेल्यांतले काही शिक्षक झाले, तर काही पटवारी आणि जंगल खात्याचे कर्मचारी झाले. म्हणजे काल ज्या खात्यांनी गोंडाला लुटले त्या खात्यांच्या खुर्चीवर गोंड बसू लागला. या आदिलाबादेतच सरकारी अधिकारी म्हणून काम केलेल्या सेतुमाधवराव पगडींना आपण शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. त्यांनी गोंडी भाषेचे व्याकरण लिहिले, हे किती मराठी वाचकांना माहीत आहे?

मार्लवाईचा गौरव करताना मला भाबडे व्हायचे नाही. ती योजना सरंजामी राजवटीची होती आणि बंडाच्या भीतीतून निघाली होती. भीमाचे रक्त सांडले नसते तर मार्लवाईला फळा गेला नसता. सत्तेने दिलेले शिक्षण सत्तेच्या सोयीपुरते असते, हेही खरेच. परंतु तिथले एक सूत्र आजही खरे आहे : ज्याला शिकवायचे त्याच्याच माणसातून, त्याच्याच गावात, त्याच्याच बोलीत शिक्षक घडवावा. जोतीरावांनी पुण्यात मागितले ते साठ वर्षांनी एका गोंड खेड्यात अंशतः उतरले. आणि सातच वर्षांनी, १९५० मध्ये, हैदराबाद राज्यातच बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. त्या मिलिंदमधून मराठवाड्याच्या महारवाड्यांतली पहिली प्राध्यापक-शिक्षकांची पिढी निघाली. मार्लवाई आणि मिलिंद यांत फरक मोठा आहे. एक वरून दिलेले, दुसरे आपण उभे केलेले. म्हणूनच मिलिंद टिकले, त्याला वारसदार मिळाले. मार्लवाईला ते मिळाले नाहीत.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबाद राज्य फुटले. राजुरा तालुका मराठी मुलखात आला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडला गेला. मार्लवाई आंध्रात गेली. तिथे शाळांची भाषा तेलुगू झाली, गोंडी पुस्तके मागे पडली. डोंगर एकच राहिला, शिक्षणाचे दोन कारभार झाले. मार्लवाईतले शहाणपण सीमेच्या अलीकडे आलेच नाही. सीमेवरच्या १४ गावांवर पुढे दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला, आणि त्यांतल्या काही गावांत मराठी आणि तेलुगू अशा दोन शाळा उभ्या राहिल्या. पोरांसाठी दोन राज्ये भांडली, पण पोरांची बोली दोन्ही शाळांच्या फळ्याबाहेरच राहिली.

यानंतर प्रशिक्षणाचा कागदी इतिहास सुरू होतो, आणि कागदावर तो दरिद्री नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६), ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांत दोन-तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे अशी शिफारस केली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. महाराष्ट्रात केंद्रशाळा, केंद्रप्रमुख आणि शिक्षण परिषदा आल्या. २०१९ मध्ये 'निष्ठा' आली. २०२० च्या धोरणाने शिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांसाठीही वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आणि त्यातला बराच भाग मोबाइलच्या पडद्यावर आला.

आता हे पहाडावर आणून पाहा. मुख्याध्यापकांच्या नेतृत्वविकासाच्या योजना निघतात. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेला मुख्याध्यापक मिळतो तो पट १५० च्या वर गेला तर. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. कोलामगुड्यावरच्या शाळेत १५० मुले कुठून येणार? तिथला मुख्याध्यापक म्हणजे दोघांपैकी जो आधी रुजू झाला तो. वर्ग त्याचाच, पोषण आहाराची नोंदवही त्याचीच, कागद भरणेही त्याचेच. ज्याला पदच नाही त्याचा पदासाठी विकास कसा होणार? तो प्रशिक्षणाला गेला की अर्धी शाळा बंद पडते. संधी सर्वांना आहे असे म्हणणाऱ्यांनी या साध्या गणिताचे उत्तर द्यावे.

माझे स्वतःचे उदाहरण देतो, कारण दुसऱ्याकडे बोट दाखवणे सोपे असते. मी माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर. महाविद्यालयात लागल्यापासून मी उद्बोधन वर्ग केला, उजळणी वर्ग केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८० नंतरच्या दशकात आम्हा प्राध्यापकांसाठी ही व्यवस्था उभी केली आणि ती वेतनश्रेणीशी जोडली. त्या वर्गांत मी काही शिकलो, हे नाकारत नाही. पण प्रमाणपत्र मिळाले की पुढची श्रेणी खुणावते, हेही मला ठाऊक आहे. ज्या माणसाने मला अक्षर दिले त्याने मात्र मानधनावर एक तप काढले, पोस्टाने अभ्यास करून अध्यापनाची पदविका मिळवली, आणि वस्तीशाळा शिक्षक २०१४ मध्ये नियमित झाले तेव्हा कुठे त्याच्या नावापुढे शिक्षक हा शब्द लागला. शिकवणे सगळ्यांत कठीण जिथे, तिथे शिकवणाऱ्याला सगळ्यांत कमी शिकायला मिळते. जातीची उतरंड शाळेच्या बाहेर राहिली असे कोण म्हणतो?

मग मागायचे काय? अधिक प्रशिक्षण मागू नये. ते आणखी एका परिपत्रकाने मिळेल. मागायचे ते प्रशिक्षणाचे ठिकाण आणि त्याचा वक्ता. जिवतीच्या शिक्षकांचे शिबिर पहाडावरच भरावे, एखाद्या कोलामगुड्यावर. दहा वर्षे चार भाषांचा वर्ग सांभाळलेल्या शिक्षकाला तिथे समोर बसवू नये, फळ्यापाशी उभे करावे. गोंडी, कोलामी आणि गोरमाटी घरांतल्या मुलामुलींना शिक्षक होण्यासाठी निवडून तयार करावे आणि पगार पूर्ण द्यावा. दोन शिक्षक बाहेर गेले तर तिसरा पाठवावा. यांतले काहीही नवे नाही. १८८२ चे आणि १९४३ चे एकत्र केले की एवढे होते.

माझे गुरुजी आता निवृत्तीला आले आहेत. मागच्या उन्हाळ्यात मी त्यांना मार्लवाईची हकीकत सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मी इचारलं ते येड्यावाणी नव्हतं तर." त्यांना हे ऐकायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला. दहा दिवसांच्या त्या प्रशिक्षणात एवढे एक वाक्य त्यांना कोणी सांगितले असते तर बाकीचे नऊ दिवस दिले नसते तरी चालले असते.