पठ्ठे बापूराव आणि पवळा

पठ्ठे बापूरावांच्या त्यागाचें कौतुक आम्हीं पुष्कळ ऐकिलें आहे. जुन्या सातारा जिल्ह्यांतील, आज सांगलींत मोडणाऱ्या रेठरे हरणाक्ष येथें १८६६ सालीं जन्मलेले हे ब्राह्मण श्रीधर कुळकर्णी. कुळकर्णपणाची लेखणी टाकून त्यांनीं ढोलकी-तुणतुण्याचा संग धरिला, तेव्हां स्वजातीनें त्यांस दूर लोटिलें. परंतु ज्या तमाशांत ते शिरले, तो महार-मांग कलावंतांनीं पिढ्यान्‌पिढ्या जागता ठेविला होता. आणि त्यांची लावणी मुंबईंत गाजली ती महार समाजांतील पवळाबाईंच्या गळ्यानें व पावलांनीं. १९४५ सालीं बापूराव विपन्नावस्थेंत वारले. त्यांनीं काय सोडिलें, हें आम्हीं अगत्यानें लिहून ठेविलें. पवळेनें काय दिलें, हें लिहितांना मात्र आमची लेखणी आखडली. लावणीचा हा जमाखर्च अद्याप एकाच बाजूनें मांडलेला आहे.