खार, साबण आणि मोटारीचे स्नान

वसई म्हटली की इतिहासाच्या अभ्यासकाला १५३४ चा तह आठवतो, १७३९ चा चिमाजीअप्पांचा विजय आठवतो, आणि पेशवाईच्या गळ्याला फास लावणारा १८०२ चा दुसरा तहही आठवतो. या तिन्हींवर पुष्कळ बोलून झाले आहे. आज, श्रोतेहो, मी तुम्हांला याच वसईच्या रस्त्याकडेला नेणार आहे. स्टेशनाच्या आसपास म्हणा, की पूर्वेला मुंबई-अहमदाबाद महामार्गावर म्हणा, मोटारी धुण्याची ठिकाणे लागतात. निळ्या, गुलाबी, पिवळ्या द्रवांचे डबे तेथे रांगेने मांडलेले असतात. डब्यावर ‘१:१०’, ‘१:५००’ असे काही आकडे छापलेले असतात. धुणारा तरुण बहुधा ते वाचत नाही. टोपण भरतो, ओततो, आणि फेस कमी वाटला तर आणखी एक टोपण ओततो. त्याच्या बोटांची सालपटे निघतात, मालकाच्या गाडीचा रंग उतरतो, आणि सगळे पाणी गटारातून कोठे जाते ते कोणी पाहत नाही. त्या आकड्यांमागे बरीच शतके उभी आहेत. आज त्यांच्याविषयी बोलू.

पहिल्यांदा मोटारीला लागणारी बालदी घ्या. हा शब्द पोर्तुगीज आहे. वसईत पोर्तुगीजांनी दोनशे वर्षे राज्य केले. किल्ला पडला, पण त्यांची बालदी, घमेले, चावी आणि इस्त्री आपल्या घरांत राहिली. ‘साबण’ शब्दाचे नाते अरबी ‘साबून’ आणि पोर्तुगीज ‘साबाँव’ या दोहोंशी लागते. म्हणजे त्यापूर्वी आपण धूत नव्हतो का? धूत होतो की! रिठा होता, शिकेकाई होती, चुलीतली राख होती, परिटाच्या भट्टीतला खार होता. राख म्हणजे क्षार. केळीच्या वाळलेल्या खांबाची राख तर पोटॅशने भरलेली असते. केळीच्या बागांच्या आणि सुकेळ्यांच्या या मुलखाला हे सांगायला नको. ही राख पाण्यात कालवून निवळ काढली, तेलाबरोबर शिजवली, की मऊ, पातळ साबण होतो. सोडा वापरला की घट्ट वडी होते. मोटारीच्या काही द्रव साबणांत आजही हाच पोटॅशचा साबण असतो. फक्त रंग आणि वास नवा.

खार जमिनीतूनही मिळे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर पाहिले आहे ना? त्याचे पाणी मुळातच खारट-तुरट, भरपूर क्षार असलेले. अकबराच्या काळी अबुल फजलने ‘ऐने-अकबरी’त लोणारची नोंद केली, ती तेथे काच आणि साबण करण्याचे साहित्य मिळते म्हणून. आपल्या घरातला पापडखार याच कुळातला. सांगायचा मुद्दा असा की धुण्याचा खार ही काही साहेबाने आणलेली वस्तू नव्हे. साहेबाने आणला तो स्वस्त खार. १७९१ मध्ये फ्रान्समध्ये लब्लाँ याने साध्या मिठापासून सोडा करण्याची रीत काढली. पुढे १८६० च्या दशकात बेल्जियमच्या सॉल्वेने मीठ, चुनखडी आणि अमोनिया वापरून ती आणखी स्वस्त केली. आपल्याकडे गुजरातच्या किनाऱ्यावर मिठापूर येथे टाटांचा रासायनिक कारखाना १९३९ मध्ये निघाला. जे मीठ आपल्या वसईच्या मिठागरांत पिकते, त्याच जातीच्या मिठाचा हा सोडा.

विलायती साबणाची वडी १८८८ च्या सुमारास कलकत्त्याच्या बंदरात उतरली. त्यात चरबी असे, म्हणून अनेक घरांत तिला मज्जाव होता. १९१८ च्या सुमारास गोदरेजांनी वनस्पतितेलाचा साबण काढला आणि स्वदेशीवाल्यांची सोय झाली. मग १९५९ मध्ये सर्फ, १९६९ मध्ये अहमदाबादहून निरमा. ही पूड खरे म्हणजे साबण नव्हे. वसईच्या लोकांना साबण आणि पूड यांतला फरक विहिरीने शिकवला. किनाऱ्यालगतच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, पांढरा साका बसतो. पुडीचा फेस मात्र तशाच पाण्यात होतो. म्हणून पूड घरोघर शिरली आणि घरातून मोटारीच्या बालदीत गेली. तेथे तिचे काय काम, ते पुढे सांगतो.

मोटार मुंबईत आली १८९८ मध्ये. पहिल्या मालकांत जमशेटजी टाटा होते. त्या गाड्यांवर घोडागाडीसारखे व्हार्निश असे, ते वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोजचा रंग आला आणि गाड्या भराभर रंगून बाहेर पडू लागल्या. आजच्या गाडीवर गंजरोधक थर, अस्तर, रंग आणि वर पारदर्शक थर असतो. सगळे मिळून जाडी किती? साधारण एक दशांश मिलिमीटर. बँकेचे हप्ते फेडून घेतलेल्या गाडीचे सौंदर्य एवढ्याशा जाडीत आहे! कपड्याची पूड ही घामाचा, तेलकट मळ काढायला केलेली, क्षार मिसळलेली. ती गाडीवरचे मेण प्रथम उतरवते आणि मग रबर, ॲल्युमिनियम यांच्या मागे लागते. सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियमचे पातेले काळे पडते, हे कोणत्याही गृहिणीला विचारा.

आता आकड्यांकडे येतो. येथे दोन शास्त्रज्ञांची नावे घेतलीच पाहिजेत. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन याने आम्ल आणि क्षार मोजण्याची ‘पीएच’ ही पट्टी काढली. सात म्हणजे मध्य, खाली आम्ल, वर क्षार. या पट्टीची एक पायरी म्हणजे दहापट फरक. म्हणून तेरा पीएचच्या तीव्र क्षारात दहापट पाणी घातले तरी तो बारावरच येतो! ‘पुष्कळ पाणी घातले, आता काय होणार?’ असे म्हणणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात घ्यावी. दुसरा मॅकबेन. १९१३ मध्ये त्याने असे मांडले की साबणाचे कण पाण्यात ठरावीक प्रमाणाला पोहोचले की गोळे करून राहतात. तेलकट मळ पोटात घेऊन पाण्याबरोबर जातात ते हे गोळे. त्या प्रमाणाच्या खाली साबण आळशी. वर बऱ्यापैकी गेला की जास्तीचा साबण बहुतेक वाया, आणि तो धुऊन काढायला दुप्पट पाणी. छापलेला आकडा म्हणजे ही मर्यादा, मळाचा अंदाज जमेस धरून सांगितलेली.

शिक्षकबंधूंनी मुलांकडून हे गणित करून घ्यावे. १:१० म्हणजे एक भाग द्रव आणि दहा भाग पाणी. एकूण अकरा भाग. एक लिटरच्या बाटलीत द्रव ९१ मिलिलिटर आणि पाणी ९०९. शंभर नव्हे. मोटारीच्या शांपूचे १:५०० हे प्रमाण घेतले तर पंधरा लिटरच्या बालदीत तीस मिलिलिटर पुरे. म्हणजे औषधाच्या मापाची दोन-तीन झाकणे. मुलांना हे आकडे कंटाळवाणे वाटले तर हळद आणा. हळदीत बुडवून वाळवलेला कागद क्षार लागताच लाल होतो. हळदीचे कुंकू याच गुणाने होते. आम्लासाठी जास्वंदीचा रस घ्या: आम्लाने तो लालबुंद, क्षाराने हिरवट. पण हा खेळ घरातल्या वस्तूंशी, लिंबू आणि सोडा यांच्याशीच करावा. धुण्याच्या ठिकाणचे डबे मुलांच्या हाती देऊ नयेत.

कारण त्यांतले काही डबे फार वाईट. चाकावरचा गंज झटक्यात काढणाऱ्या काही द्रवांत फ्लोराइडची आम्ले असतात. ती कातडीवर पडली की सुरुवातीला विशेष दुखत नाही. तासांनी आतून हाडापर्यंत पोचणारी वेदना होते. लगेच भरपूर पाण्याखाली हात धरून दवाखाना गाठावा लागतो. साध्या आम्लातही पाणी ओतायचे नसते, पाण्यात आम्ल ओतायचे. आणि आम्ल व ब्लीचिंगचे पाणी एकत्र आले की क्लोरिनचा विषारी वायू निघतो. रोजगारी मुलाला हे कोणी सांगत नाही. मालकाने हातमोजे दिले तरी उन्हाळ्यात तो ते काढून ठेवतो, हेही खरे.

म्हणून बाटली उचलण्यापूर्वी डाग ओळखावा. समुद्राकडून येणारे मीठ पाण्यात विरघळते. त्याला साबण लागत नाही, गोडे पाणी लागते. विहीर मचूळ असेल तर शेवटचा हात नळाच्या पाण्याचा द्यावा आणि गाडी कोरडी पुसावी, नाहीतर तेच मीठ पुन्हा वाळून बसते. डांबराचा ठिपका साबणाला दाद देत नाही. तो थोड्या केरोसीनने फडक्यावर येतो. तेलकट चिखलाला सौम्य क्षार, तोही पातळ. जड पाण्याचे पांढरे डाग मात्र आम्लानेच जातात, आणि तेथे सौम्य आम्ल पुरते. २०१८ च्या जुलैच्या पुरात वसई-विरारमध्ये गाड्या पाण्याखाली गेल्या, तेव्हा या साऱ्यांचा उपयोग नव्हता. गाळ आतल्या यंत्रात शिरला होता.

आणखी एक प्रश्न राहतो तो पाण्याच्या वाटेचा. वसईची बावखले, बागायतीने शतकानुशतके सांभाळलेली ही गोड्या पाण्याची तळी. अशा बावखलाच्या काठी गाडी धुणे म्हणजे पूड, तेल आणि चाकांची काजळी सगळे त्यात सोडणे. पुडीतल्या फॉस्फेटवर शेवाळ माजते. परदेशांतही पहिल्या कृत्रिम पुडींनी नद्यांवर न विरणारा फेस चढला, आणि १९६० च्या दशकात तेथे विरणारे पदार्थ वापरणे भाग पडले. ‘मग आम्ही रिठ्याचेच पाणी करू, ते देशी आहे,’ असे काहीजण म्हणतात. गाडीला ते चालेल, हातालाही चालेल. पण रिठ्यात फेस आणणारे जे सॅपोनिन, त्यानेच मासा गुंगतो. अशा वनस्पती पाण्यात टाकून मासे धरण्याची रीत जुनीच आहे. तेव्हा रिठ्याची बालदीसुद्धा बावखलापासून दूर, झाडाच्या आळ्यात नव्हे, तर वाळूच्या खड्ड्यात रिकामी करावी.