हळकुंड मोडून पाहणारं गिऱ्हाईक

पूर्वीच्या स्वयंपाकातले रंग नैसर्गिक आणि निर्धोक, आताचे कृत्रिम आणि घातक, ही वाटणी कृष्णाकाठच्या इतिहासाला धरून नाही. तारळी जिथं कृष्णेला मिळते त्या उंब्रजपासून खाली सांगलीपर्यंत घरोघरच्या रश्शाला तांबडा कट येतो तो मिरचीमुळं, आणि मिरची पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेतून आलेली. हळद मात्र जुनी. तिचा रंग पाण्यात फारसा उतरत नाही, तेलात उतरतो. फोडणीत हळद घालण्याची रीत त्याला अगदी जुळणारी आहे. हीच हळद चुन्याशी लाल होते आणि तिचं कुंकू बनतं. शेतकरी हळद काहिलीत शिजवून वाळवायचा आणि व्यापारी हळकुंडं सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, जमिनीखालच्या खोल खड्ड्यांत, भरून ठेवायचे. आत हवा खेळत नसल्यानं कीड टिकत नसे. या व्यवहारात हळकुंड मोडून आतला रंग पाहता येई आणि त्यावर भाव ठरे. माझ्या मते खरा फरक पडला तो इथं: हळद पूड होऊन पुडीत आली आणि मोडून पाहायला काही उरलं नाही. मेटॅनिल यलोसारखा बंदी असलेला रंग आणि शिसं असलेलं लेड क्रोमेट यांना लपायला जागा मिळाली ती पुडीत.

यावर कुणी म्हणेल, परवानगी असलेले कृत्रिम रंग तरी तपासलेले असतात. शिवाय केशर न परवडणाऱ्या घरांतही लग्नाच्या केशरी भाताला शोभा आली ती त्यांच्यामुळंच. दोन्ही खरं आहे, आणि त्या शोभेला कमी लेखण्याचं कारण नाही. पण तपासणीला अर्थ येतो मापामुळं. कायद्यानं ज्या पदार्थांत असे रंग चालतात, त्यांतल्या बहुतेकांत मर्यादा किलोमागे 100 मिलिग्रॅम आहे. कारखान्यात तेवढं मोजता येतं. शिऱ्यात चिमूट टाकणाऱ्या हाताजवळ त्याचं काही साधन नसतं. आणि पुडीत रंग लपतो हे मिरचीच्या बाबतीतही खरं. 2003 साली युरोपात भारतीय तिखटात खाण्यात बंदी असलेला सुदान रंग सापडला, तो पुडीतच. म्हणून उन्हाळ्यात वर्षाची चटणी करताना अख्खी मिरची आणि हळकुंडं निवडून डंकावर कुटून आणणाऱ्या बायकांना मी जुन्या वळणाच्या म्हणणार नाही. बाजारात हरवलेली पारख त्यांनी घरात टिकवली आहे.